सुटका झालेल्या चिंपांझींच्या घरी पार्टी कशी करतात

चिंपांझीला आपला वाढदिवस कळतो का? नाही कळत. केक कापायची हौस आपली, टाळ्या वाजवायची हौसही आपलीच. तरीही अमेरिकेतल्या आश्रयस्थानांमध्ये वाढदिवस, नाताळ, आगमनाचा दिवस असं सगळं काही झोकात साजरं होतं, आणि त्याला चांगलं कारण आहे. चिंपांझी माणसांच्या देखरेखीखाली पन्नास वर्षंही जगू शकतो, काही त्याहून जास्त. एवढं आयुष्य त्याच भिंती, तीच जाळी, तीच वेळापत्रकं यांत काढायचं, तेही इतक्या तल्लख डोक्याच्या प्राण्याने. कंटाळा हा तिथला खरा आजार. पार्टी म्हणजे त्या दिवसापुरतं हातांना आणि डोक्याला नवं काम. सगळी तयारी या एका हिशोबाने करायची: हे चिंपांझीला कसं दिसेल? फोटोत कसं दिसेल, हा प्रश्न नंतरचा.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांना उपयोगी पडावा. सिअ‍ॅटलच्या आसपास राहणारे आणि अशा ठिकाणी स्वयंसेवक व्हावं असं मनात असलेले, पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्र शिकणारे, आणि लांबूनच एखाद्या चिंपांझीच्या नावाने पैसे पाठवू पाहणारे. उदाहरण म्हणून मी वॉशिंग्टन राज्यातली ‘चिंपांझी सँक्च्युरी नॉर्थवेस्ट’ ही संस्था घेतली आहे, कारण तिथल्या चिंपांझींच्या आवडीनिवडी संस्थेने वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या आहेत.

आधी यजमान कोण ते पाहा

कीथ लाशॅपेल यांनी ही संस्था 2003 मध्ये काढली. सिअ‍ॅटलहून आय-90 महामार्गाने पूर्वेकडे निघालं आणि स्नोक्वाल्मी खिंड ओलांडली की साधारण दीड तासात क्ले एलम नावाचं छोटं गाव लागतं. त्याच्या जवळच्या 26 एकरांच्या शेतावर 13 जून 2008 रोजी सात चिंपांझी आले: अ‍ॅनी, बरिटो, फॉक्सी, जेमी, जोडी, मिसी आणि नेग्रा. बरिटो एकटा नर, बाकी साऱ्या माद्या. त्याआधी ते पेन्सिल्व्हेनियात एका खासगी कंपनीच्या खिडक्या नसलेल्या तळघरात होते. त्यांच्यावर हेपटायटिसच्या लशीचे प्रयोग झाले होते. माद्यांचा उपयोग पैदाशीसाठी झाला आणि पिल्लं जन्मल्यावर लवकरच आईपासून काढून घेतली गेली. नेग्राला तर अगदी लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणलं होतं. या सात जणांपैकी काही आता हयात नाहीत. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातलं ‘वाइल्डलाइफ वेस्टेशन’ हे आश्रयस्थान बंद पडलं आणि तिथल्या चाळीसहून अधिक चिंपांझींना घर शोधायची वेळ आली. त्यांतले तीन त्याच वर्षी इथे आले, आणखी सहा 2021 मध्ये.

हा इतिहास पार्टीच्या लेखात कशाला? कारण यातल्या कित्येकांनी प्रौढ होईपर्यंत पायाखाली गवत पाहिलेलं नव्हतं. 2011 च्या सुमारास इथे सुमारे 2 एकरांची मोकळी टेकडी कुंपण घालून तयार झाली. दार उघडलं म्हणून सगळे धावत सुटले, असं झालं नाही. काही जणी बराच काळ भिंतीला धरून राहिल्या. नवी गोष्ट म्हणजे आनंदच, असं गृहीत धरून चालत नाही. त्यांच्यासाठी नवीन वस्तू आधी संशयास्पद असते, मग कुतूहलाची.

रोजचं वेळापत्रक मोडायचं नाही

पार्टी रोजच्या दिवसात बसवायची असते. त्यासाठी रोजचा दिवस माहीत हवा.

सकाळी काळजीवाहक आले की पहिलं काम भेटीगाठी. चिंपांझी मान खालीवर करतो, धापा टाकल्यासारखा आवाज काढतो, काळजीवाहकही तसंच उत्तर देतात. जाळीशी हात न्यायचाच झाला तर बोटं मुठीत मिटून, मनगटाची मागची बाजू पुढे करतात. याच वेळी मोजणी होते, कोण लंगडतंय, कोणाचं नाक वाहतंय, कोण सुस्त आहे हे पाहिलं जातं. मग नाश्ता. त्यात फळं-भाज्यांची स्मूदी असते आणि औषधं, जीवनसत्त्वं बहुधा तिच्यातूनच पोटात जातात. वानरांसाठी बनवलेली कोरडी बिस्किटं मिळतात, ती बहुतेक चिंपांझी आपण डाएट बिस्किटं खातो त्याच चेहऱ्याने खातात.

नंतर सफाई. चिंपांझींना एका खोलीतून दुसरीकडे पाठवायचं, मधलं दार बंद, कुलूप, मग रिकाम्या खोलीत माणसांनी शिरून पाण्याच्या झोताने आणि जंतुनाशकाने धुलाई. दुपारी जेवण, बरंचसं टेकडीवर विखरून, म्हणजे शोधून खावं लागतं. मग वामकुक्षी आणि एकमेकांचे केस विंचरणं. संध्याकाळी भाज्यांचं जेवण, रात्री सुकामेवा किंवा एखादं कोडं घातलेला डबा, आणि भरपूर ब्लँकेटं. जंगलात चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करतात, इथे तेच काम ब्लँकेटांवर होतं. नेग्राची ब्लँकेटांची आवड तर प्रसिद्ध होती. ही ब्लँकेटं धुण्याचं मशीन बंद पडलं की अख्ख्या आश्रयस्थानाची धांदल उडते. स्वयंसेवक म्हणून गेलात तर तुमचा पहिला महिना बहुधा या कपडे धुण्यात आणि भाज्या चिरण्यात जाईल. चिंपांझींना लांबून पाहायला मिळेल, तेवढ्यावर समाधान मानायचं.

पार्टीसाठी सोयीची वेळ म्हणजे सकाळच्या सफाईनंतरची. खोली रिकामी असतेच, मांडणी तेव्हाच करून टाकायची. त्यासाठी चिंपांझींना वेगळं हलवावं लागत नाही.

तारीख ठरवणं

प्रयोगशाळेत जन्मलेल्यांची तारीख कागदोपत्री असते. जंगलातून पकडून आणलेल्यांचं वर्षसुद्धा अंदाजे असतं. म्हणून बरीच आश्रयस्थानं आगमनाचा दिवस साजरा करतात. क्ले एलमला 13 जूनचं महत्त्व त्यामुळेच. शिवाय 14 जुलै हा जागतिक चिंपांझी दिन: 1960 मध्ये याच तारखेला चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात पोहोचल्या होत्या. हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, नाताळ हे अमेरिकेचे सण देणगीदारांमुळे आपसूक येतात. 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मात्र फटाके वाजतात, त्या दिवशी बेत न केलेला बरा.

टोळीत त्याच आठवड्यात भांडण झालं असेल, कोणी आजारी असेल, नवा सदस्य नुकताच मिसळत असेल, तर पार्टी सरळ पुढे ढकला. वाढदिवस हुकला म्हणून चिंपांझी रुसत नाही.

ज्याची पार्टी, त्याची आवड

इथे घाई करू नका. पार्टीची खरी तयारी म्हणजे त्या एका चिंपांझीची वही वाचणं.

फॉक्सीचं उदाहरण घ्या. तिला ट्रोल बाहुल्या लागायच्या, त्या उभ्या रंगीत केसांच्या, चपट्या नाकाच्या. ती त्यांना पाठीवर घेऊन फिरायची, पायाच्या बोटांत धरायची, ओठांना लावायची, कधी काळजीवाहकाकडे जाळीतून द्यायची आणि परत मागायची. जिची सगळी पिल्लं काढून घेतली गेली तिने बाहुली अशी सांभाळावी, यावर लोक भरभरून लिहितात. मी इतकंच म्हणेन की अर्थ आपण लावतो, बाहुली तिने निवडली होती. तिच्यासारखीच्या पार्टीला खाऊ दुय्यम. बाहुल्या भरपूर हव्यात, टेकडीवर, खोलीत, कुठे चढून गेल्यावर सापडतील अशा. आणि त्या आधी तपासून घ्यायच्या: सुटे डोळे, बटणं, आतली बॅटरी, काहीही निघून तोंडात जाईल असं नको.

जेमीची तऱ्हा निराळी. तिचं लहानपण एका प्रशिक्षकाच्या घरी माणसांत गेलं. तिला काउबॉय बूट आवडतात. स्वतः घालायला नव्हे, काळजीवाहकाने घालायला. कोणते बूट घालायचे ते ती खुणेने सांगते, मग ती कुंपणाच्या आतून आणि माणूस बाहेरून अशी टेकडीभोवती फेरी होते. तिच्या वाढदिवसाला सगळ्या कर्मचाऱ्यांनी वेगवेगळे बूट घालून येणं यापेक्षा चांगली भेट नाही, आणि खर्च शून्य. बरिटोला मात्र ना बाहुलीचं आकर्षण ना बुटांचं. जेवण आलं की त्याच्या तोंडून जे चीत्कार निघतात ते ऐकून कळतं, पार्टी कशात आहे.

मेन्यू

बाजारातली फळं जंगली फळांपेक्षा फार गोड असतात. केळी, द्राक्षं, आंबा यांचा मारा केला तर वजन वाढतं आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. बंदिवासातल्या चिंपांझींमध्ये, विशेषतः नरांमध्ये, हृदयविकार हे मृत्यूचं मोठं कारण आहे. त्यामुळे पार्टीचं ताट भाज्यांनी भरायचं, आणि तेही दिवसाच्या ठरलेल्या आहारातूनच वजा करून.

कापायला सोपं, चालायला उत्तम: लेट्यूस, केल, कोबी, ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो, रताळं, लाल भोपळा, मक्याची कणसं. भोपळा अख्खाच द्यावा, फोडण्यात वेळ जातो. कणीस पानांसकट. कवचाचे शेंगदाणे आणि अक्रोड मोजून. ‘केक’ हवाच असेल तर उकडलेलं रताळं, ओट्स आणि एखादं केळं कुस्करून साच्यात थापा, गार करा, वरून टोमॅटोच्या चकत्या. उन्हाळ्यात फळांचे तुकडे घातलेला बर्फ, थंडीत साखर नसलेला कॅफिनरहित कोमट हर्बल चहा. हिवाळ्यात क्ले एलमला बर्फ पडतो, तेव्हा बाहेर जायला नाखूष असलेल्यांसाठी टबातून बर्फ आत आणून ठेवला तरी पार्टी होते.

चॉकलेट, कॉफी, तळलेलं, खारवलेलं काही नाही. सिअ‍ॅटलच्या मराठी घरांतून दिवाळीत हमखास विचारणा होईल, तर आधीच सांगतो: चकल्या आणि बेसनाचे लाडू तुमच्याकडेच ठेवा. कच्चं रताळं, भोपळा, न भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे हे मात्र आपल्या स्वयंपाकघरातून थेट चालण्याजोगं सामान आहे. नेण्याआधी फोन करून विचारा, कारण फ्रिजमध्ये जागा आहे की नाही हे त्यांनाच माहीत.

भाज्या चिरताना मास्क आणि हातमोजे लागतात. आपली साधी सर्दी चिंपांझीच्या छातीत उतरून जिवावर बेतू शकते. नाक गळत असेल तर त्या दिवशी येऊ नका, पार्टी तुम्ही ठरवलेली असली तरी.

पुड्या, खोकी आणि हंडी

खाऊ उघडा ठेवला तर पाच मिनिटांत संपतो. तोच गुंडाळून ठेवला तर अर्धा तास चालतो. म्हणून खरी मेहनत इथे.

पुठ्ठ्याची खोकी घ्या. चिकटपट्टी पूर्ण सोलून काढा, स्टेपलरच्या पिना एक एक करून उपसा, लेबलं काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नव्या स्वयंसेवकाच्या वाट्याला येतं, पण एक पिन राहिली तर ती कुणाच्या तरी पोटात जाते. खोक्यात कागदाचे बोळे, बोळ्यांत पुडी, पुडीत चार शेंगदाणे. एक खोकं दुसऱ्यात. काही खोकी मुद्दाम रिकामी ठेवा. बांधायला दोरी किंवा रिबन नको, कागदच दुमडून खोचा. फुगे नकोत: फुटण्याच्या आवाजाने बिथरतात आणि रबर गिळण्याचा धोका. चमकी नको, मेणबत्ती तर नकोच.

कागदाच्या लगद्याचं मडकं करायचं असेल तर मैद्याची साधी खळ वापरा, बाजारी डिंक नको. वाटीभर मैदा पाण्यात कालवून शिजवा, वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर लावा, वाळायला दोन दिवस द्या. आत बिस्किटं आणि सुकी पानं. आपल्या दहीहंडीसारखं उंच टांगायचं, फक्त दोरीऐवजी अग्निशमन दलाने बाद केलेल्या होज पाइपची पट्टी वापरायची. हा जाड विणीचा पाइप जगभरातल्या आश्रयस्थानांत झोपाळ्यांपासून कोड्यांपर्यंत सगळीकडे दिसतो, कारण तो फाटत नाही आणि गळ्याभोवती सहजासहजी आवळत नाही.

आणखी एक जुनी युक्ती म्हणजे कृत्रिम वारूळ. एका पेटीला बारीक भोकं पाडून आत मोहरीचा सॉस, टोमॅटोची पेस्ट किंवा थोडा मध भरतात. चिंपांझी विलो झाडाची काडी सोलून, टोक चावून बारीक करतात आणि आत घालून चाटतात. गोंबेत गुडॉल यांनी 1960 मध्ये गवताच्या काड्यांनी वाळवी काढताना जे पाहिलं तेच कौशल्य. काड्या भरपूर ठेवा, एकच ठेवली तर भांडण.

किती पुड्या करायच्या? जितके चिंपांझी त्याच्या निदान दुप्पट, आणि त्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या. दादागिरी करणारा एका कोपऱ्यावर ताबा मिळवतो, चारही कोपऱ्यांवर मिळवू शकत नाही. दबून राहणाऱ्यांसाठी काही पुड्या अशा जागी हव्यात जिथून पळायला दुसरा रस्ता आहे.

मांडणी आणि कुलुपं

कुठल्याही चांगल्या आश्रयस्थानात माणूस आणि प्रौढ चिंपांझी एका खोलीत कधीच नसतात. ‘चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदीचा’ हे ऐकीव आहे. 2017 च्या एका अभ्यासानुसार वजनाच्या मानाने ती साधारण दीडपट निघते. पण दीडपट ताकद आणि जोडीला सुळे हा हिशोब पुरेसा आहे. शिवाय प्रेमळ म्हणून ओळखला जाणारा चिंपांझीही क्षणात उसळतो.

म्हणून क्रम ठरलेला. चिंपांझी दुसरीकडे गेले, मोजणी झाली, प्रत्येकाचं नाव घेऊन मोजणी, नुसता आकडा नाही. दार बंद, कुलूप लावलं. दुसऱ्या माणसाने ते कुलूप स्वतः ओढून पाहिलं. मगच आत. बाहेर पडताना हाच क्रम उलटा, आणि आत नेलेली प्रत्येक वस्तू, कात्री असो की मोबाइल, मोजून परत. पार्टीच्या दिवशी माणसं जास्त असतात, उत्साह असतो, कोणीतरी म्हणतं ‘मी बघितलंय कुलूप’. पार्टीची सगळ्यात धोक्याची घटका ती.

दार उघडल्यावर

आधी आवाज येतो. एकाने सुरुवात केली की बाकीचे साथ देतात, हुंकार चढत चढत किंकाळीपर्यंत जातो. अंगावरचे केस उभे राहतात, कोणी दार आपटतं, कोणी खोकं ओढत धावतं. नवख्याला वाटतं भांडण पेटलं. बहुधा ती नुसती धमाल असते. घोळक्यात मिठ्या मारतात, तोंडाला तोंड लावतात, मग खायला लागतात.

चेहरे वाचायला शिका. वरचे खालचे दात दाखवून ओठ मागे ओढलेला चेहरा, भेटकार्डांवर ‘हसरा’ म्हणून छापतात तो, भीतीचा असतो. खरं हसू म्हणजे तोंड सैल उघडं, वरचे दात ओठाआड, आणि धापेसारखा घोगरा आवाज. त्यांना पाहताना तुम्हीही दात दाखवून हसू नका.

भांडण झालंच तर मध्ये पडायला कोणी जाऊ शकत नाही. फार तर दारं उघडून जागा वाढवता येते, दुसरीकडे खाऊ दाखवून लक्ष वळवता येतं. बहुतेक वेळा ते आपापसांत मिटवतात: ज्याला मार बसला त्याच्याजवळ तिसराच कोणी येऊन हात टाकतो, थोड्या वेळाने भांडणारे एकमेकांचे केस विंचरताना दिसतात.

ज्याचा वाढदिवस, तो पार्टीला आलाच नाही, असंही होतं. ब्लँकेट ओढून वर जाऊन बसेल. बसू द्या. नावाने हाका मारून, जाळी वाजवून बोलावू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. आयुष्याचा मोठा भाग ज्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती, त्यांनी तुमच्या पार्टीला नाही म्हटलं तर बेत फसला असं समजू नका. त्याची पुडी रात्रीच्या खाऊबरोबर द्या.

नंतर कागदाचा ढीग उरतो. तो लगेच उचलायची घाई नको, कारण दुपारच्या घरट्यात निम्मा जातो. दुसऱ्या सकाळच्या सफाईत झाडून काढा, आणि वहीत लिहा: कोणी काय घेतलं, कशाला हात लावला नाही, कोण कोणावर ओरडलं, कुठली वस्तू तुटली. पुढच्या पार्टीचा मेन्यू या पानावर ठरतो.

लांबून मदत करायची असेल तर

क्ले एलमची जागा सर्वांसाठी रोज खुली नसते. आधी ठरवल्याशिवाय गाडी काढू नका. वर्षाच्या एखाद्या दिवसाचा खर्च तुमच्या नावाने किंवा कोणाच्या स्मृतीत उचलायची सोय आहे. अमेरिकेत नोकरीला असाल तर कंपनी देणगीइतकीच भर घालते का ते विचारा. भारतातून पाठवलेल्या पैशांवर आयकराची 80जी ची सवलत मिळत नाही, ती भारतात नोंदणी असलेल्या संस्थांपुरतीच.

पैसे कोणालाही देण्याआधी चार गोष्टी पाहा. तिथे पैदास होते का, प्राण्यांची खरेदी-विक्री होते का, पाहुण्यांना पिल्लू मांडीवर देतात का, चिंपांझींना कपडे घालून व्हिडिओ करतात का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ते आश्रयस्थान नव्हे, नाव काहीही असो. ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युरीज ही संस्था तपासणी करून मान्यता देते, आफ्रिकेतल्यांसाठी पॅन आफ्रिकन सँक्च्युरी अलायन्स आहे. प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर व्हिक्टोरिया सरोवरातलं युगांडाचं न्गांबा बेट पर्यटकांना खुलं आहे. 1998 पासून चालू असलेलं हे बेट एंटेबीहून बोटीने गाठता येतं, आणि मुंबई-एंटेबी थेट विमानसेवा 2023 मध्ये सुरू झाली. पिवळ्या तापाची लस घेऊन तिचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

भारतातही हा विषय परका नाही. 2019 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पश्चिम बंगालमधल्या तस्करीच्या प्रकरणात तीन चिंपांझी जप्त केले होते, ते कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले. आपल्याकडच्या अनेक प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक घेण्याची योजना असते. तिचा अर्ज भरताना अधिकाऱ्यांना विचारून पाहा, वाढदिवसाला पिना काढलेली खोकी आणि बाद झालेला होज पाइप आणून दिला तर चालेल का.